एक नग, कच्चा

धाकटीनं फोनमध्ये दोन गावं लिहिली,
इकडं रावेर, तिकडं ग्वायाकिल.
मधे एक वाकडी रेघ उमटली. खाली आकडा:
सोळा हजार सहाशे छप्पन्न किलोमीटर,
विमानाला साडेअठरा तास.

"रेघ वाकडी कशी गं?"
"पृथ्वी गोल आहे ना बाबा.
वाकडी दिसते तीच सरळ."
मी मान हलवली.
आसीरगडचा घाटही असंच काहीतरी सांगायचा.

सत्तावीस वर्षं मी केळी नेली आझादपूरला,
पण अंतर कधी किलोमीटरनं मोजलं नाही.
बऱ्हाणपूरपर्यंत घरची भाकर गरम असायची.
इंदूरला क्लीनर झोपायचा.
शिवपुरीला चहा, आग्र्याआधी टायरांवर हातोडी,
आणि प्रत्येक थांब्याला
ताडपत्रीखाली कोपरापर्यंत हात घालून बघायचं,
घड किती तापलाय.
हिरवा चढलेला माल हिरवाच उतरला पाहिजे.
पिवळा दिसला की उशीर झाला.
घड्याळ मी आंघोळीला काढलं ते
पुष्कळदा तसंच घरी राहायचं.

रावेरहून विमान उडत नाही,
हे त्या फोनला कोण सांगणार?
फिरोज गेला तो असा गेला:
माझ्या मागं लुनावर स्टेशन, मांडीवर बॅग.
मुंबईपर्यंत डब्याच्या दाराशी उभा.
विमानतळावर अर्धी रात्र.
मग एक शहर, ज्याचं नाव माझ्या जिभेवर बसत नाही,
तिथं आठ तास बाकावर.
पुन्हा विमान, पुन्हा बाक, पुन्हा विमान.
त्रेपन्न तासांनी फोन आला, "पोचलो."
तेवढ्यात मी दिल्लीला माल उतरवून
परत ग्वाल्हेर ओलांडलं असतं.

तिथंही केळीच आहेत म्हणे.
नजर जाईल तिथवर, निळ्या पिशव्या घातलेले घड.
हा दिवसभर फण्या मोजतो,
डाग पडलेली बाजूला काढतो.
हमिदा अजून म्हणते,
"एवढी दुनिया ओलांडून केळीच?
आपल्या शिवारात काय कमी होती?"
मी काही बोलत नाही.
तिथला पगार मी तिला दोनदा सांगून झालाय.

रात्री साडेनऊला फोन लावतो.
त्याच्याकडं सकाळचे अकरा, जेवणाची सुट्टी अजून लांब.
"काय करून राह्यला रे?"
"कॉफी पितोय, बाबा."
"येताना चहाला कुठं थांबला होता?"
"विमान थांबत नाही, बाबा. चहा हातातच देतात."
मला हे अजून पटत नाही.
एवढं अंतर चालवणारा माणूस
कुठंतरी उतरतोच.
तोंडावर पाणी मारतो,
गाडीला एक चक्कर मारतो,
मागं माल आहे ना, हात लावून बघतो.

गाडी विकली तेव्हा बिल्टीबुक ठेवून घेतलं होतं.
शेवटचं एक पान कोरं होतं.
काल ते भरलं, कार्बन न लावता.

कुठून: रावेर.
कुठं: धाकटीला अक्षरं विचारत लिहिलं,
तरी एक मात्रा चुकली.
नग: एक.
माल: कच्चा.
वजन: निघताना छप्पन्न किलो, आताचं माहीत नाही.
भाडं: इथं बराच वेळ पेन थांबलं,
मग गाडीचाच नंबर लिहिला,
एमएच एकोणीसपासून सगळा.
माल घेणाऱ्याची सही: रिकामी.

त्याच्याखाली बारीक अक्षरात
आधीपासून छापलेलंच आहे,
वाटेत माल पिकल्यास जबाबदारी मालकाची.

ती ओळ मी खोडली नाही.